आपत्ती नियोजनातील एक रिकामा रकाना
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही आपणासमोर खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे ठेवतो. या अहवालात ते आहेतच. आज मात्र त्या आकड्यांत कधीच न आलेल्या एका बाबीविषयी बोलण्याची अनुमती असावी.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सर्वांनी अनुभवला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. आपल्या रुग्णालयाचा आपत्ती आराखडा तेव्हा तयार होता. जनित्राचे डिझेल, ऑक्सिजनचे सिलिंडर, औषधांचा साठा, रुग्णांना वरच्या मजल्यावर हलविण्याचा क्रम, सारे त्यात होते. आराखडा यशस्वी ठरल्याचे आम्ही त्या वर्षीच्या अहवालात समाधानाने नमूद केले. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की शांत झोप लागते. तशी ती आम्हालाही लागली.

पाणी ओसरल्यावर एक वृद्ध गृहस्थ उपचारासाठी आले. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली होती आणि जूनमध्ये आपणच त्यांना घरी सोडले होते. पुरात बोट त्यांच्या दारापर्यंत आली. तरुणांनी त्यांना अलगद उचलून घेतले. व्हीलचेअरला बोटीत जागा नव्हती. ती घरीच राहिली. शाळेतील निवारा केंद्रात जेवण आणि पांघरूण वेळेवर मिळाले, परंतु शौचालय पायऱ्या उतरून पटांगणाच्या पलीकडे होते. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता आणि पाठीवर शय्याव्रण होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साहेब, पुरातनं सगळ्यांनी वाचवलं हो. पण सारखं कुणाला उचला म्हणायचं, म्हणून ह्यांनी पाणी प्यायचंच सोडलं."

बोट घेऊन जाणाऱ्यांचा यात दोष नव्हता. त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले. दोष आमच्या नियोजनात होता. या गृहस्थांचा पत्ता, त्यांचे अपंगत्व, त्यांची औषधे, सर्व माहिती आमच्या नोंदवहीत होती. आराखड्यात मात्र तिच्यासाठी एकही रकाना नव्हता. ज्याला ऐकू येते, दिसते आणि चालता येते असाच माणूस आम्ही गृहीत धरला होता. रात्री फिरणाऱ्या गाडीचा ध्वनिक्षेपक कर्णबधिराला जागे करीत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना अनोळखी जागी कोणीतरी सतत सोबत लागते. डायलिसिसवरील रुग्णाला पाणी उतरेपर्यंत थांबता येत नाही.

ही मोजक्या माणसांची गोष्ट नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग आणि १ कोटी १० लाखांहून अधिक साठीपुढील नागरिक होते. कायद्याच्याही हे उशिराच ध्यानी आले. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ ने मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. अपंगत्व आणि वय यांचा त्यात उल्लेख नव्हता. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ ने आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण दिले आणि त्यांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची माहिती देण्याचे काम जिल्हा प्राधिकरणावर सोपविले.

तथापि केवळ यादी पुरेशी नसते, हे जपानच्या उदाहरणावरून दिसते. तेथे मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीतील मृतांपैकी निम्म्याहून अधिक साठीपुढील होते. त्यानंतर २०१३ मध्ये साहाय्याची गरज असलेल्या रहिवाशांची यादी करणे स्थानिक संस्थांना बंधनकारक झाले. पुढे २०२१ मध्ये त्याही पलीकडे जाऊन, अशा प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र योजना करण्याचा प्रयत्न हे त्यांचे कर्तव्य ठरविण्यात आले. कोणाला न्यावयाचे, याइतकेच कोण नेणार आणि कोठे नेणार, हेही महत्त्वाचे.

आपणही तसाच लहानसा आरंभ केला. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कार्डावर, त्याच्या संमतीने, तीन गोष्टी लिहिल्या जातात: दाराशी कोण येईल, तो न आल्यास दुसरे कोण, आणि सोबत कोणते साधन व औषध न्यायचे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा या कार्डांचा उपयोग झाला, आणि त्यांतील उणीवही कळली. कित्येक दूरध्वनी क्रमांक बदललेले होते. आता दर मे महिन्यात ते पडताळले जातात. आराखडा समितीवर आम्ही व्हीलचेअर वापरणाऱ्या एका भगिनींनाही घेतले. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारले, "आपला रॅम्प नदीच्या बाजूला आहे. पाणी प्रथम तेथेच येणार, मग मी बाहेर कशी पडू?" इतकी वर्षे त्या रॅम्पवरून आम्ही रोज ये-जा करीत होतो, हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. दुसऱ्या बाजूच्या रॅम्पचा प्रस्ताव आज विश्वस्त मंडळासमोर आहे.

देणगीदारांना एक नम्र विनंती. पुराच्या वेळी कपडे आणि बिस्किटे भरपूर येतात. कमोड खुर्ची, वॉकर, प्रौढांचे डायपर, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या कोणी पाठवीत नाही. या वस्तूंचा साठा पावसाळ्यापूर्वी करावा लागतो. त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवण्यास आपण अनुमती द्यावी.

रुग्णांच्या नातेवाइकांना सांगणे एवढेच की, जाण्यापूर्वी नोंदणी खिडकीवर ते कार्ड मागून घ्यावे. आपल्या घरात स्वतःहून उठून बाहेर पडू न शकणारे कोणी असेल, तर त्यांचे नाव आज लिहावे, आणि दाराशी कोण येणार हे त्यांनाच विचारून लिहावे.