डोकं दुखतंय, हे सांगायला हवं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दिवाळीत सातपुड्यात अस्तंभ्याची यात्रा भरते. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याचं हे ठिकाण. नंदुरबार जिल्ह्यातलं हे शिखर साधारण सव्वातेराशे मीटर उंच. चढताना धाप लागते, पाय भरून येतात. पण घटकाभर बसलं, पाणी प्यायलं की माणूस पुन्हा चालू लागतो. तोरणमाळ तर त्याहूनही खाली. त्यामुळे थकवा हा पायांचा असतो आणि तो बसल्यावर जातो, असं आपण धरून चालतो. हीच समजूत घेऊन आपण हिमालयात जातो आणि तिथं फसतो.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, केदारनाथ ३,५८३ मीटरवर, तर अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोनतृतीयांशाच्या आसपास उतरतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच, म्हणजे २१ टक्के. पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीराला याची सवय व्हायला काही दिवस लागतात. ती सवलत न देता चढलं, तर जो त्रास होतो त्याला डॉक्टर ‘अ‍ॅक्यूट माउंटन सिकनेस’ म्हणतात. आपण त्याला उंचीचा आजार म्हणू.

हा आजार ओळखायचा कसा? त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्राणवायूचा आकडा दाखवतो. पण आकडा कमी असूनही एखादा ठणठणीत असतो आणि बरा आकडा असलेला आडवा पडलेला असतो. शेवटी माणसालाच विचारावं लागतं, ‘तुला काय होतंय?’

या विचारण्याच्या इतिहासात आपल्या देशाचाही वाटा आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले जवान घाईघाईनं हिमालयात न्यावे लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या तक्रारींचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९१ मध्ये कॅनडातल्या लेक लुईस इथं जमलेल्या तज्ज्ञांनी लक्षणांना गुण देण्याची एक पद्धत ठरवली. २०१८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि झोपेचा प्रश्न वगळण्यात आला. कारण उंचीवर झोप तर धडधाकट माणसाचीही मोडते.

आता उरले चार प्रश्न. डोकं दुखतंय का? भूक मेली आहे, मळमळतंय किंवा उलटी होतेय का? थकवा, अशक्तपणा वाटतोय का? चक्कर येतेय का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. काही नसेल तर शून्य, थोडं असेल तर एक, बऱ्यापैकी असेल तर दोन, असह्य असेल तर तीन. नुकतेच उंचीवर आलेलो असताना बेरीज तीन किंवा जास्त झाली आणि त्यात डोकेदुखीचा निदान एक गुण असला, तर तो उंचीचा आजार समजावा. हे गुण पोहोचल्यावर सहा तासांनी मोजायचे, म्हणजे प्रवासाच्या शिणाशी गल्लत होत नाही. ही पद्धत मुळात संशोधनासाठी आहे, औषध ठरवण्यासाठी नाही. पण चार प्रश्न कुणालाही पाठ होतील असे आहेत.

अडचण प्रश्नांची नाही, उत्तरांची आहे. एवढ्या लांबून दर्शनाला आलो, आता माघारी कसं फिरायचं, म्हणून आजोबा गप्प बसतात. सगळे हसतील म्हणून तरुण पोरगा गप्प बसतो. गाडीभर माणसं आपल्यामुळे खोळंबतील म्हणून घरातली बाई बोलत नाही. शिवाय घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्याला हिंदीतून विचारलं, तर तो नुसता ‘ठीक है’ म्हणून मोकळा होतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ, ज्याच्या त्याच्या बोलीत, एकेकट्याला बाजूला घेऊन विचारावं. तब्येत कमावलेली असली म्हणजे हा आजार होत नाही, असंही नाही. उलट दणकट माणूस भरभर चढतो आणि फसतो.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. आपली मुलंही उद्या हिमालयात जातील, जायलाच हवीत. पण आपल्याकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला विरळ हवेत तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. नुसत्या वाहकाला एरवी बहुधा काहीच त्रास नसतो. पण अशा उंचीवर त्याच्याही प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. त्यात डाव्या बरगडीखाली दुखतं. वरच्या चार प्रश्नांत हे दुखणं येत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी रक्त तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि हा पाचवा प्रश्न आपण आपला जोडून घ्या.

त्रास सुरू झाला तर आणखी वर चढायचं नाही. विश्रांती घ्यायची, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळायच्या. त्रास वाढला तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर गुण मोजत बसू नका. रात्र असली तरी ताबडतोब खाली न्या आणि डॉक्टर गाठा. मुळात तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये आणि विमानानं लेहला गेल्यास पहिले दोन दिवस आराम करावा.

डोंगर कुठं जात नाही, देवही कुठं जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाता येतं. पण त्यासाठी आज कुणी विचारलं, ‘काय होतंय?’ तर खरं सांगायला हवं.