पंखांचा बिल्ला कसा ओळखावा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'विंग' म्हटलं की आपल्याला ए विंग, बी विंग आणि पाण्याची वेळ आठवते. आज ज्या विंग्जबद्दल बोलायचं आहे, त्या लष्करी वैमानिकाच्या छातीवर डाव्या बाजूला असतात. हे जुने बिल्ले जमवणारे लोक जगभर आहेत. दुर्मिळ बिल्ल्याला किंमत चांगली येते, त्यामुळे बाजारात नकली मालही भरपूर. आणि दुसरीकडे एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी अस्सल बिल्ला पडून असतो, पण आजोबांनी तो कशासाठी मिळवला हे नातवंडांना ठाऊक नसतं. मला विचाराल तर या दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं.

ब्रिटिशांपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे सापडतात ते बहुधा त्यांचे. 1912 साली रॉयल फ्लाइंग कोअर स्थापन झाली आणि 1913 मध्ये तिच्या वैमानिकांना बिल्ला मिळाला. दोन पसरलेले पंख, मध्ये पानांच्या वेढ्यात 'आरएफसी' ही इंग्रजी अक्षरं, वर मुकुट. 1 एप्रिल 1918 ला रॉयल एअर फोर्स झाली आणि अक्षरं 'आरएएफ' अशी बदलली. म्हणजे 'आरएफसी' दिसलं की एप्रिल 1918 च्या आधीचा बिल्ला? तसं नाही! जुने गणवेश फाटेपर्यंत वापरायची मुभा होती, त्यामुळे महायुद्ध संपेपर्यंत दोन्ही बिल्ले शेजारी शेजारी दिसत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांचंच बघा. केंब्रिजला शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान चालवत होता. जून 1918 च्या अखेरीस तो गेला. फ्रान्समध्ये हांगार इथल्या युद्ध-स्मशानभूमीत त्याची कबर आहे. तो भरती झाला तेव्हाचं दल वेगळं, गेला तेव्हाचं वेगळं. नुसत्या अक्षरांवरून तारीख ठरवू नये ती एवढ्यासाठीच.

मुकुट मात्र बऱ्यापैकी प्रामाणिक असतो. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी गोलसर, वर फुगलेल्या. 1953 नंतर राणीच्या मुकुटात त्या मधोमध खाली दबलेल्या. आपल्या हवाई दलाला 'रॉयल' हा शब्द मार्च 1945 मध्ये लागला आणि 26 जानेवारी 1950 ला गळाला. तेव्हा 'आरआयएएफ' अक्षरं असलेला बिल्ला या पाचेक वर्षांतला. प्रजासत्ताकात मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले.

आता अर्धा पंख. एकच पंख दिसला की लोकांना वाटतं, बिल्ला तुटलाय. तसं नसतं. अर्धा पंख म्हणजे विमानातला, पण वैमानिक नसलेला माणूस. 1915 मध्ये निरीक्षकासाठी 'ओ' अक्षराला जोडलेला एक पंख आला. (त्याला सैनिकांनी ठेवलेलं टोपणनाव, पुढे लहान मुलं बसलीत म्हणून सांगत नाही.) दुसऱ्या महायुद्धात 'एजी' म्हणजे तोफची, म्हणजे विमानातली मशीनगन चालवणारा. 1942 मध्ये निरीक्षकाचं काम वाटलं गेलं, मग मार्ग काढणाऱ्याला 'एन', बॉम्ब टाकणाऱ्याला 'बी', इंजिन सांभाळणाऱ्याला 'ई'. 'आरओ' हे अक्षर रात्रीच्या लढाऊ विमानात रडार बघणाऱ्याचं. ते थोडाच काळ चाललं, म्हणून दुर्मिळ. एका अक्षरात त्या माणसाची अख्खी नोकरी असते.

अमेरिकन बिल्ले बहुतेक चांदीचे, ढालीवर अक्षर. ग्लायडर वैमानिकाला 'जी', छोटी संपर्क-विमानं चालवणाऱ्याला 'एल'. ढालीच्या जागी चौकटच्या एक्क्यासारखा आकार दिसला, तर तो 'वास्प' म्हणजे महिला वैमानिकांचा. या 1,074 जणींनी 1944 च्या डिसेंबरपर्यंत लष्कराची विमानं चालवली, पण सैनिक म्हणून मान्यता मिळायला 1977 उजाडलं. साहजिकच या बिल्ल्याला मागणी फार आणि नकलाही फार.

आणि एक आपल्या मातीतला प्रकार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक भारतातून हिमालयावरून चीनला रसद नेत. त्यांच्यातल्या अनेकांनी इथल्याच कारागिरांकडून कलाबतूचे पंख भरून घेतले, चांदीचे घडवून घेतले. ते ओबडधोबड असतात, दोन पंख सारखे नसतात. नवखा संग्राहक त्यांना नकली म्हणून बाजूला ठेवतो, जाणकार उचलतो.

मग नकली ओळखायचा कसा? बिल्ला उलटा करा. पुढची बाजू कुणीही बनवतो, मागच्या बाजूकडे दुर्लक्ष होतं. पिन, बिजागरी, डाग दिल्याच्या खुणा पाहा. दोन खिळे आणि त्यावर दाबून बसवायच्या टोप्या ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली. तसली पाठ असलेला बिल्ला कुणी 1917 चा म्हणून विकत असेल तर नमस्कार करून पुढे चला. अस्सलवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून किंचित लहान भरते, पिसांच्या रेघा बोथट होतात आणि भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. कापडी बिल्ल्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की आधुनिक धागा निळसर चमकतो. पण हल्लीच्या साबणाच्या पावडरीत धुतलेलं जुनं कापडही चमकतं, तेव्हा एका परीक्षेवर निकाल देऊ नका. सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे जुन्याच ठशांवरून कंपन्यांनी पुढे काढलेले नवे बिल्ले. तिथं पाठीवरचा शिक्का आणि पिन यांवरच भिस्त. शिवाय चोर बाजारात विमान कंपन्यांचे आणि फ्लाइंग क्लबांचे पंखही 'मिलिटरी' म्हणून गळ्यात मारतात. तेही सुंदर असतात, पण त्याच भावाने घेऊ नयेत.

घरी असा बिल्ला असेल तर चिंच-मीठ लावून घासू नका. काळपटपणा हाही पुरावा आहे. गणवेशावर शिवलेला असेल तर उसवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून नाव, दल, साल एका चिठ्ठीवर लिहा आणि बिल्ल्यासोबत ठेवा. फोटो, लॉगबुक, पत्रं यांची ताटातूट करू नका. विकायचा असला तरी चिठ्ठीची प्रत स्वतःकडे ठेवा.

मागच्या टेबलावर काही बिल्ले मांडले आहेत. त्यातले दोन मुद्दाम नकली ठेवलेत. चहा येईपर्यंत शोधा. हातात घ्यायला हरकत नाही, फक्त कडेनं धरा.