डोकं थकलंय म्हणता, रक्त तपासलंत का?

(दुबईत सोनापूरच्या कामगार वसाहतीत सुट्टीच्या दिवशी एका नर्सताईंनी मराठी कामगारांपुढे केलेलं भाषण. बोली तशीच ठेवली आहे.)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. राजापूरकडची, अकरा वर्षं इथे क्लिनिकमध्ये नर्स. रक्त काढायचं काम माझं, त्यामुळे तुमच्यातल्या निम्म्यांना मी सुई टोचलेली असणार.

विषय तुम्हीच दिलात. "ताई, फोरमन काय बोलला ते दोन मिनिटांत विसरतो. घरी फोन करावासाही वाटत नाही." याला हल्ली बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केली. तिथे तो आजार म्हणून नाही, तर कामावरच्या सततच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदलाय. म्हणजे आधी कामाकडे बघायचं, माणसाला आळशी म्हणायचं नाही.

पण हुबेहूब याच तक्रारी अंगातल्या कमतरतेनेही होतात.

गेल्या वर्षी पाटणकडचा एक भाऊ आला. शटरिंग कारपेंटर. तीन महिने गप्प गप्प. रूममधले म्हणायचे, याला बाहेरचं लागलंय. गावाहून अंगारा मागवून झाला होता. राजीनामा लिहून खिशात, आणि डोक्यावर एजंटला दिलेल्या पैशांचं कर्ज. मी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? जीभ झोंबते का? दोन्हीला हो. माणूस माळकरी. मेसमध्ये मटण-अंडं सोडलं तर उरतं काय? डाळ, भात, खुबूस. दूध नाही, दही नाही. तपासलं तर बी-१२ पार तळाला.

हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, डाळीत नसतं. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून आल्या आल्या काही कळत नाही. दोन-चार वर्षांनी बँक रिकामी होते, तोवर आपल्याला वाटतं परदेशाने डोकं फिरवलं. इंजेक्शनं सुरू झाली, दोनेक महिन्यांत माणूस बोलायला लागला. राजीनामा त्याने माझ्यासमोर फाडला. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाणाऱ्यांनीही बी-१२ बघून घ्यावं.

दुसरं लोह. जेवणावर लगेच सुलेमानी मारता ना? त्या चहाने डाळ-भाजीतलं लोह अंगाला लागत नाही. तासभर थांबा, डाळीवर लिंबू पिळा. आणि पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नका. मूळव्याध, अल्सर, कुठून रक्त जातंय का ते डॉक्टरला विचारा. लाजू नका.

ड जीवनसत्त्व आणि थायरॉईडही सांगा तपासायला. हसताय, की उन्हात जळणाऱ्याला ड कसं कमी पडेल? अंगभर कव्हरऑल, तोंडाला फडकं, ऊन कातडीला लागतंच कुठे? गोदामवाले, रात्रपाळीवाले तर सूर्यच बघत नाहीत.

एनर्जी ड्रिंकबद्दल एवढंच. २५० मिलीच्या डब्यात साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात उरतं. संध्याकाळी प्यालात तर रात्री छताकडे बघत पडाल. मग सकाळी अजून एक.

आता दुसरी बाजू. त्याच महिन्यात एकजण आला, त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. पहाटे चारला बस, परत यायला रात्रीचे आठ. कंपनीने काय दिलं? मल्टिव्हिटॅमिनची बाटली. बाटली स्वस्त पडते हो, झोप महाग पडते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुम्ही खोटारडे, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. इथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आहे. ओव्हरटाइम सर्वसाधारणपणे दिवसाला २ तासांच्या वर नाही. सलग ५ तासांहून जास्त काम झालं की निदान तासाभराची सुट्टी. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३, उघड्यावर काम बंद. प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा: १५ दिवस पूर्ण पगारी, ३० अर्ध्या पगारी, उरलेली बिनपगारी. आजारी पडलात की तीन दिवसांत कळवा आणि डॉक्टरचा कागद द्या. विम्याचे पैसे मालकाने भरायचे, तुमच्या पगारातून कापायचे नाहीत. तक्रारीला ८००८४.

आणि रूममध्ये कुणी "आता जगून काय" असं बोलला तर चेष्टा करू नका. एकटा सोडू नका, हॉस्पिटलला न्या. ॲम्ब्युलन्स ९९८. रक्ताची वाट त्या दिवशी बघायची नाही.

बरं, ज्यांनी रिपोर्ट आणलेत ते मागच्या टेबलाशी या. चहा आलाय, पण ज्यांनी आत्ताच डब्बा खाल्लाय त्यांनी थांबा जरा.