वहींत नाहीं तें लिहूं नये
(आहुपे येथें शिक्षक व ग्रामस्थ यांच्या सभेपुढें केलेलें भाषण)

आजचा विषय समजल्यावर आपल्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस सरळच विचारलें, "गुरुजी, ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्यांशीं आपल्या आहुप्याचें काय काम?" प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देण्यासाठींच आम्ही उभे आहों. हा त्या धर्माचा उपदेश नव्हे, आणि निंदाहि नव्हे. जुना लेख हातीं आला असतां तो कसा पारखावा एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. ही पारख नसली म्हणजे गरिबाचें काय नुकसान होतें, तें शेवटीं आपल्याच मुलखांतील एका गोष्टीवरून दाखवूं.

आपल्या कड्यावर उभें राहून मावळतीकडे पाहिलें म्हणजे गोरखगड व मच्छिंद्रगड दिसतात. त्यांच्या पायथ्याशीं मुरबाडचा मुलूख, आणि त्याच्याहि पलीकडे कल्याण. जुन्या काळीं कल्याण हें मोठें बंदर होतें. जुन्नरच्या पेठेंतला माल नाणेघाटानें तिकडे उतरत असे. जुन्नरच्या लेण्यांत बौद्ध संघाला दान देणाऱ्या यवनांचे तीन लेख आजहि दगडावर आहेत. तेव्हां समुद्रापलीकडचीं माणसें आपल्या डोंगरांना अनोळखी नव्हतीं.

ह्या कल्याणाविषयीं एक जुना ग्रीक लेख आहे. इ. स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रिया शहराच्या कॉस्मस नांवाच्या व्यापाऱ्यानें एक ग्रंथ लिहिला. कल्लियाना नांवाच्या ठिकाणीं ख्रिस्ती लोकांचा एक बिशप असून तो पर्शियाहून नेमला जातो, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीं हजार वर्षांहून अधिक काळ आपल्या घाटाखालीं ख्रिस्ती वस्ती होती, असा ह्याचा अर्थ होतो. पण तें कल्लियाना म्हणजे आपलेंच कल्याण कशावरून? कांहीं विद्वान् तें गांव दक्षिणेकडे नेतात. मग निवाडा कसा करावा?

निवाडा लेखांतूनच करावयाचा. त्याच ग्रंथांत कॉस्मसनें पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी ठिकाणांची यादी दिली आहे. आधीं सिंधू, मग ऑर्होथा, मग कल्लियाना, मग सिबोर, आणि त्यानंतर मिरीच्या मलबारचीं पांच बंदरें. यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली आहे, व कल्लियाना मलबारच्या आधीं येतें. सिबोर म्हणजे चौल, असें पुष्कळ विद्वान् मानतात. शिवाय कल्लियानाहून तांबें, कापड व एक लांकूड बाहेर जातें, असें तो सांगतो. त्या लांकडाच्या ग्रीक नांवाचा शब्दशः अर्थ केला तर 'तिळाचे ओंडके' असा होतो! आतां तिळाच्या काडीचा ओंडका होत नाहीं, हें आपल्यांतलें शेंबडें पोरहि सांगेल. तें लांकूड शिसव जातीचें असावें असें विद्वानांनीं ठरविलें. शिसव तर आपल्या सह्याद्रींत उगवतें. पुस्तकांतलें कोडें कधीं कधीं रानांतल्या माणसाला लवकर सुटतें, तें असें.

पण ह्याच कॉस्मसनें पृथ्वी वाटोळी नाहीं, विश्व एखाद्या झांकणाच्या पेटीसारखें आहे, असेंहि हट्टानें प्रतिपादिलें आहे. म्हणून त्याचें सगळेंच टाकून द्यावयाचें काय? नाहीं. व्यापाऱ्याला बंदरांची माहिती असते. आकाशाची असेलच असें नाहीं. साक्षीदाराला काय माहीत असणें शक्य होतें, तें पाहून त्याची साक्ष तोलावी. तिच्यावरून पाहतां कल्याणच्या बिशपाची गोष्ट बऱ्यापैकीं भक्कम उतरते.

आतां दुसरी गोष्ट पाहा. येशूच्या बारा शिष्यांपैकीं बार्थोलोम्यु हा हिंदुस्थानांत, आणि तोहि कल्याणास आला, असें पेरुमालिल व मोराएस ह्या विद्वानांनीं मांडलें आहे. ह्याला आधार काय? चौथ्या शतकाच्या आरंभीं युसीबियस नांवाच्या इतिहासकारानें लिहिलें कीं, पँटीनस नांवाचा अलेक्झांड्रियाचा पंडित हिंदुस्थानांत गेला, व तेथें त्याला मत्तयाचें शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत मिळालें. तें बार्थोलोम्युनें मागें ठेविलेलें होतें. पण युसीबियसनें हें लिहितांना 'असें म्हणतात' हा शब्द घातला आहे. पँटीनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. म्हणजे लिहिणारा शंभराहून अधिक वर्षें मागाहूनचा. प्रामाणिक माणसाप्रमाणें त्यानें ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगितली.

त्यानंतर सुमारें ऐंशी वर्षांनीं जेरोम नांवाच्या पंडितानें तीच गोष्ट पुन्हां लिहिली. त्याच्या लेखांत 'म्हणतात' गळून पडलें. उलट पँटीनसला बिशप डिमीट्रियसनें पाठविलें, हिंदुस्थानच्या वकिलांनीं मागणी केली होती, आणि त्यानें तो ग्रंथ परत अलेक्झांड्रियास आणला, एवढी भर पडली. दुसऱ्या एका पत्रांत तर तो ब्राह्मणांना व तत्त्वज्ञांना उपदेश करावयास गेला, असेंहि आलें. काळ जसजसा दूर गेला तसतशी माहिती वाढत गेली! अशी वाढ दिसली म्हणजे शहाण्यानें सावध व्हावें. त्यांतून त्या काळचे लेखक अरबस्तानच्या दक्षिण भागाला व हबशी मुलखालाहि 'हिंदुस्थान' म्हणत. तेव्हां बार्थोलोम्यु कल्याणास आला असें आम्ही शाळेंत मुलांना शिकवूं काय? शिकविणार नाहीं. तो आलाच नाहीं, असेंहि म्हणणार नाहीं. ज्याला 'असें म्हणतात' एवढाच आधार, त्याला तेवढाच मान.

ख्रिस्ती विद्वानांनीं हीच कसोटी आपल्या धर्मग्रंथालाहि लाविली, ही त्यांची मोठी गोष्ट होय. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या ५,००० हून अधिक आहे. पण मूळ लेखकाच्या हातचें त्यांत एकहि नाहीं. सगळ्या नकला, व नकलांच्या नकला. मार्काच्या शुभवर्तमानाचीं शेवटचीं बारा वचनें चौथ्या शतकांतील दोन जुन्या, नामांकित प्रतींत नाहींत. योहानाच्या पहिल्या पत्रांत पिता, शब्द व आत्मा ह्या तिघांच्या ऐक्याविषयीं एक वाक्य होतें. एरॅस्मस नांवाच्या पंडितानें १५१६ सालीं ग्रीक ग्रंथ छापला, तेव्हां तें वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत न आढळल्यामुळें गाळलें. फार ओरड झाली. १५२२ च्या आवृत्तींत त्याला तें घालावें लागलें. पुढें शोध होत गेला, आणि आज विद्वानांच्या ग्रीक आवृत्तींत तें मूळ मजकूर म्हणून धरीत नाहींत. ध्यानांत घ्या, त्या वाक्यांतला सिद्धांत त्या लोकांना खराच वाटत होता. पण खरें वाटतें म्हणून मूळ लेखांत घुसडावें, हें त्यांनीं नाकारलें. महाभारताच्या हस्तलिखितांवर पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत जें काम केलें, त्याची रीतहि हीच.

आणि हें काम मोठ्या पदवीधरांचेंच आहे असें समजूं नका. आपल्याच पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठींत आणलें. त्यांच्या मुक्तिसदनांतील निराधार बायका व मुली त्याचे खिळे जुळवीत. रमाबाई १९२२ सालीं वारल्या व संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं निघाला. दुसऱ्याच्या सांगण्यावर न राहतां मुळापाशीं जाण्याची ही हिंमत होय.

आतां आपली गोष्ट. आम्ही पूर्वीं एका शाळेवर होतों. तेथील एका मुलाला पुढच्या शिक्षणासाठीं जातीच्या दाखल्याची पडताळणी हवी होती, म्हणून त्याच्या आजोबांची १९५० पूर्वींची शाळेंतली नोंद पाहिजे झाली. रजिस्टर काढलें, तों नोंद निघाली नुसती 'कोळी'. आपली जमात महादेव कोळी. सरकारी यादींत आदिवासी म्हणून तीच आहे. एक शब्द नाहीं, म्हणून पोराचें सगळें अडलें. त्याची आजी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली व म्हणाली, "गुर्जी, आवं तुमच्या हातानं लिवून टाका ना. आमी कोन, ते समद्या मुलखाला ठावं हाय. खोटं का हाय त्ये?"

खोटें नव्हतें. लेखणी आमच्या खिशांतच होती. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, हें कबूल करतों. पण आम्हीं लिहिलें नाहीं. आमच्या शाईचा तो एक शब्द सांपडला असता, तर त्या मुलाचीच नव्हे, त्या वहींतल्या प्रत्येक पोराची नोंद संशयाची झाली असती.

मग रजिस्टराचें पहिलें पान नीट वाचलें. वही जीर्ण झाल्यामुळें हें रजिस्टर नक्कल करून तयार केलें, असा शेरा तेथें होता. म्हणजे आमच्या हातीं मूळ नव्हतेंच! चार दिवस माळा उपसला. घुशींनीं कुरतडलेल्या गठ्ठ्यांत मूळ वही निघाली, आणि तींत स्पष्ट होतें, 'म. कोळी'. नक्कल करणाऱ्या गुरुजींच्या नजरेंतून तो एक 'म.' सुटला होता. लबाडी नव्हती, डोळ्यांची चूक होती. त्या वहीवर पोराचें काम झालें, पण तोंवर त्याचें एक वर्ष बुडालें होतें. आजी आमच्याशीं वर्षभर बोलली नाहीं. तिचा राग आम्ही चुकीचा म्हणत नाहीं.

बंधुभगिनींनो, कल्याणच्या बिशपाचें व त्या 'म.'चें नातें हें असें आहे. लेख कोणी लिहिला, केव्हां लिहिला, त्याला कसें कळलें, आणि आपल्या हातीं आहे तें मूळ कीं नक्कल, हे चार प्रश्न पोथीला विचारावे तसेच सातबारालाहि विचारावे. आपल्या आवडीचें असलें तरी वहींत नाहीं तें लिहूं नये; आणि नावडतें असलें तरी वहींत आहे तें खोडूं नये. शिक्षकबंधूंना आमची हात जोडून विनंति आहे कीं, नवी प्रत झाली म्हणून जुनी वही रद्दींत घालूं नका. ग्रामस्थांना विनंति कीं, घरच्या पत्र्याच्या पेटींतले जुने कागद पावसापासून जपा, व पोराकडून एकदां वाचून घ्या. कोणत्या कागदांत कोणाचा 'म.' शिल्लक आहे, हें आज सांगतां येत नाहीं.