गैरवर्तन कशाला म्हणायचे?

'बडतर्फ' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ 'बर-तरफ', म्हणजे एका बाजूला सारलेला. या बाजूला सारलेल्या माणसाला बेकारीच्या दिवसांत भत्ता मिळेल की नाही, हे मात्र कागदावरचा दुसराच शब्द ठरवतो. तो शब्द म्हणजे गैरवर्तन.

२०२१ च्या उत्तरार्धात कॅनडा आणि अमेरिकेत अनेक मालकांनी करोनाची लस सक्तीची केली. न घेणारे घरी बसले. एकट्या न्यूयॉर्क शहराने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या चौदाशेहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले.

कॅनडात रोजगार विम्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जातो, मालक त्याच्या १.४ पट भरतो. नोकरी गेली की ठरलेल्या मर्यादेत पगाराच्या साधारण ५५ टक्के रक्कम काही आठवडे मिळते. पण गैरवर्तनामुळे गेली असेल, तर छदामही नाही. लस नाकारणाऱ्यांचे अर्ज याच शब्दावर अडले. माणसे लवादाकडे गेली, तिथून कोर्टात गेली. फेडरल न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले, मालकाचा नियम योग्य की अयोग्य, हे लवादाने पाहायचे नाही. कामगाराने तो जाणूनबुजून मोडला का, आणि नोकरी जाईल हे त्याला ठाऊक होते का, एवढेच पाहायचे.

लशीने असंख्य जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या परिचारिकेने लस घ्यावी, हा रुग्णालयाचा आग्रहही मला पटतो. पण गल्ल्यात हात घालणारा आणि सुईला भिऊन नाही म्हणणारा, हे दोघे एकाच रकान्यात कसे? नोकरी गमावून त्याने किंमत मोजलीच की. वर त्याच्याच पगारातून हप्ता भरलेला विमाही बुडवायचा?

अमेरिकेत आयोवा, फ्लोरिडा, टेनेसी आणि कॅन्सस या राज्यांनी २०२१ च्या अखेरीस कायदेच केले, की लस नाकारून नोकरी गेली तरी भत्ता द्यायचा. ऐकायला बरे वाटते. पण यांपैकी पहिल्या तीन राज्यांनी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केंद्राकडून बेकारांना मिळणारे आठवड्याचे जादा ३०० डॉलर मुदतीआधीच बंद केले होते. हा कळवळा नेमका कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी म्हटले, की लस घेण्याची बळजबरी कुणावरही करता येणार नाही. भत्त्याचे म्हणाल, तर राज्य विमा महामंडळाने २०१८ साली विमाधारक कामगारांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. २०२० मध्ये तिची रक्कम सरासरी रोजच्या कमाईच्या २५ वरून ५० टक्क्यांवर नेली, तीही जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. त्या नियमांतही गैरवर्तनाची अट आहेच. घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत ही अट पोहोचत नाही. तिच्यासाठी मुळात असा अर्जच नाही.