गावाची गणना आणि आपली नोंद



मी एका साध्या पण महत्त्वाच्या विषयावर बोलणार आहे.

नोकरीधंद्यासाठी आपण सोलापुरात आलो, तरी आपली मुळे मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा अशा तालुक्यांतील गावांत आहेत. गावाची लोकसंख्या विचारली तर "असेल हजार-बाराशे" म्हणून आपण मोकळे होतो. पण सरकारदरबारी गावाचे स्थान याच आकड्यावर ठरते. गावाला स्वतःची ग्रामपंचायत असेलच असे नाही. लहान गावे एकत्र करून गट-ग्रामपंचायतही केली जाते. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे सदस्य कमीत कमी ७ व जास्तीत जास्त १७ असतात, तेही लोकसंख्येनुसार. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या.

हिशेब करून पाहा. गाव १४०० वस्तीचे, सदस्य ७, अनुसूचित जातीचे लोक २००. प्रमाणाने एक जागा मिळते. पण नोंद ८० जणांचीच झाली, तर हिशेब अर्ध्या जागेच्याही खाली येतो आणि हक्काची जागा हुकू शकते. वस्तीचे रस्ते, गटारे, दिवे यांसाठीचा वस्ती विकासाचा निधीही वस्तीच्या लोकसंख्येवरच ठरतो.

नोंद का चुकते? पहिले कारण भीती. "बौद्ध" लिहिले तर सवलती जातील, असे अजून काहींना वाटते. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, तेव्हाच ही भीती संपायला हवी होती. दुसरे कारण अर्धवट माहिती. धर्म बौद्ध सांगितला की जात सांगायची नाही, अशी समजूत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५,३१,२०० बौद्धांची नोंद झाली; त्यांपैकी सुमारे ५२ लाखांचीच अनुसूचित जातीत. उरलेल्या सर्वांची नोंद चुकली असे मी म्हणणार नाही, पण हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

जात मोडण्यासाठीच आपण धम्म घेतला, मग ती सांगायची कशाला, असा प्रश्न तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. धर्माचा रकाना आपली श्रद्धा सांगतो. जातीचा रकाना झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे. हक्क मिळेपर्यंत पुरावा जपावा लागतो. मी बँकेत कारकून आहे. कागदावरची एक नोंद चुकली की हक्काचे पैसे कसे अडकतात, हे रोज पाहतो.

तिसरे कारण स्थलांतर. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात. त्या काळात सतत बाहेर असलेले कुटुंब गावात मोजले जात नाही, जिथे असेल तिथे मोजले जाते. त्याने गावाचा आकडा घटतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. म्हणून शिकलेल्या प्रत्येकाने गणनेच्या काळात दोन सुट्ट्या गावासाठी द्याव्यात. घरोघरी सांगावे : धर्म "बौद्ध", आणि जात अनुसूचित जातींच्या यादीतील नावानेच, "हरिजन" असा मोघम शब्द नको. घरातली म्हातारी माणसे, लहान लेकरे कुणीही सुटू देऊ नका. प्रगणकाने काय लिहिले ते नम्रपणे विचारून घ्या.

बाबासाहेबांनी आपल्याला एक मत, एक मूल्य दिले. आधी आपण मोजले तरी जाऊ या!

जय भीम! जय भारत!