व्याधीसह जगण्याची विद्या
(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या मंगल प्रसंगी देवस्थानच्या व्यासपीठावरून व्याधीची भाषा बोलणे कित्येकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या सभामंडपात आसनस्थ झालेल्या मंडळींपैकी किती जणांच्या खिशात गोळ्यांची पुडी असेल, किती जणींच्या पिशवीत इन्सुलिनची कुपी असेल, याचा क्षणभर विचार केला, तर हा विषय परका नसून घराघरांतला आहे, हे मान्य करावे लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली मधुमेहाची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत सबंध देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. अग्रशाळेत पंगत बसली, की शेजारच्या चार पानांपैकी एका पानावर हा अनाहूत पाहुणा जेवायला असतो, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

हा रोग आपल्या पूर्वजांना अज्ञात नव्हता. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. त्यातही सुश्रुताने जन्मतः येणारा प्रमेह आणि अपथ्यामुळे जडणारा प्रमेह असा भेद केला आहे, हे विशेष होय. निदान होते, पथ्य होते. पण ज्या रोग्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याला वाचविण्याचा उपाय जगात कोठेही नव्हता. तो १९२१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो नगरीत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून दृष्टिपथात आला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिले टोचणे देण्यात आले, आणि मरणोन्मुख मुले अंथरुणातून उठून बसू लागली.

इन्सुलिनच्या शोधाची ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. त्या औषधाने वाचलेल्या एका रोग्याने पुढे काय केले, ती कथा मात्र क्वचित सांगितली जाते.

अमेरिकेतील बोस्टन शहरी जॉर्ज मायनॉट नावाचे एक डॉक्टर होते. त्यांचा जन्म १८८५ सालचा. रक्ताचे विकार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९२१ च्या ऑक्टोबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना तीव्र मधुमेह झाल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी या रोगावर एकच उपाय होता, तो म्हणजे जवळजवळ उपासमार. एलियट जॉस्लिन या नामांकित वैद्याच्या देखरेखीखाली मायनॉट प्रत्येक घास तराजूत तोलून खाऊ लागले. देह कृश होत चालला. परंतु पथ्य मोडले नाही. सुमारे पंधरा महिने त्यांनी अशा रीतीने तग धरला, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्यांना इन्सुलिन मिळू लागले. पथ्याने औषध येईपर्यंत प्राण राखला आणि औषधाने तो पुढे टिकविला, असे त्यांच्याविषयी म्हणता येईल.

आता त्यांनी त्या लाभलेल्या आयुष्याचे काय केले ते पाहावे. त्या काळी घातक पांडुरोग म्हणून एक दुखणे होते. त्यात रक्तातील तांबड्या पेशी घटत जात, जीभ सोलवटून निघे, हातापायांस बधिरता येई, आणि रोगी बहुधा काही वर्षांतच दगावे. जॉर्ज व्हिपल या संशोधकाने रक्त काढून अशक्त केलेल्या कुत्र्यांना यकृत खाऊ घातल्यास त्यांचे रक्त लवकर भरून येते, असे दाखविले होते. मायनॉट यांनी विल्यम मर्फी या तरुण सहकाऱ्यासह आपल्या रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घालण्याचा क्रम आरंभिला. १९२६ साली त्यांनी पंचेचाळीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्यांची आशा सुटली होती, ती माणसे हिंडू-फिरू लागली होती. १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपल, मायनॉट आणि मर्फी या तिघांना विभागून देण्यात आले.

अर्धवट शिजविलेले यकृत दिवसामागून दिवस खाणे हे काही सुखाचे काम नव्हे. रोगी कंटाळत, टाळाटाळ करीत. परंतु समोरचा वैद्य स्वतः प्रत्येक घास तोलून खाणारा होता. आहाराचा औषधाप्रमाणे काटेकोर अवलंब करता येतो, ही गोष्ट त्याने ग्रंथातून नव्हे, देहाने जाणली होती. पुढे १९४७ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० साली ते निवर्तले. मधुमेह अखेरपर्यंत त्यांच्या संगतीला होता. तो बरा झाला नाही. बरे न होताही त्यांनी सत्तावीस वर्षांचे फलदायी आयुष्य अधिक मिळविले, आणि असंख्य अनोळखी माणसांना त्यातला वाटा दिला.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आलेला आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आली, आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. घातक पांडुरोगावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना लागू पडेना. उलट यीस्टपासून बनविलेल्या मार्माइट नामक स्वस्त पदार्थाने त्यांना गुण आला. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. आज गरोदर स्त्रीला सर्रास दिल्या जाणाऱ्या त्या लहानशा गोळीमागे मुंबईच्या कष्टकरी स्त्रियांचे ऋण आहे.

यकृतात असे कोणते द्रव्य होते, याचा उलगडा व्हावयास १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब-१२ जीवनसत्त्वाचे तांबडे स्फटिक हाती आले. परंतु त्याची अंतर्गत रचना इतकी गुंतागुंतीची होती, की रसायनशास्त्राच्या नेहमीच्या पद्धती तेथे अपुऱ्या पडल्या. हे कोडे ज्या विदुषीने सोडविले, तिचे चरित्र या कथेचा दुसरा भाग होय.

डोरोथी हॉजकिन यांचा जन्म १९१० साली कैरो येथे झाला. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांतील अणूंची मांडणी शोधणे हे त्यांचे शास्त्र. १९३४ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांना संधिवाताच्या अत्यंत क्लेशकारक प्रकाराने ग्रासले. हातापायांची बोटे सुजून पुढे वेडीवाकडी झाली. आणि त्यांचे काम तरी कोणते? केसाएवढे बारीक स्फटिक उचलून यंत्रात नेमके बसविण्याचे. १९३८ साली पहिल्या बाळंतपणानंतर या रोगाचा जोराचा झटका आला, तेव्हा क्ष-किरण यंत्राची मुख्य कळ बोटांनी दाबणे त्यांना अशक्य झाले. त्यांनी काम सोडले नाही, आणि वेदना गिळून तीच कळ दाबण्याचा अट्टाहासही केला नाही. त्यांनी त्या कळीला एक लांब दांडा बसवून घेतला.

श्रोतेहो, हा दांडा ध्यानी ठेवण्याजोगा आहे. त्याच हातांनी पेनिसिलिनची रचना १९४५ मध्ये उलगडली. त्याच हातांनी ब-१२ चे कोडे १९५५-५६ च्या सुमारास सुटले. हायड्रोजन वगळताही त्या द्रव्याच्या एका रेणूत त्र्याण्णव अणू आहेत. १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. मेरी क्यूरी आणि त्यांची कन्या इरेन यांच्यानंतर हा मान मिळविणारी ही तिसरी स्त्री. आणि जिचे पहिले क्ष-किरण छायाचित्र त्यांनी १९३५ साली घेतले होते, त्या इन्सुलिनची रचना चौतीस वर्षांनंतर, १९६९ मध्ये, त्यांनी आपल्या शिष्यपरिवारासह सिद्ध केली. त्या परिवारात एम. विजयन हे आपले भारतीय शास्त्रज्ञही होते. १९९४ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मृत्यूपूर्वी एक वर्ष आधी त्या चाकांच्या खुर्चीत बसून बीजिंगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस उपस्थित होत्या.

योगायोग पाहावा. ज्या इन्सुलिनने मायनॉट यांचा प्राण राखला, त्याची रचना एका व्याधिग्रस्त स्त्रीने उलगडली. आणि मायनॉट यांच्या यकृतोपचारातील गुणकारी द्रव्याची रचनाही तिनेच.

अशा कथा ऐकल्या, की दुखण्याने माणूस थोर होतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो योग्य नव्हे. दुखणे हे दुखणेच असते; ते कोणाला थोरपण देत नाही, आणि ज्याच्याने सोसवत नाही तो काही हीन ठरत नाही. या दोघांच्या चरित्रांत तीन गोष्टी मात्र समान दिसतात. पहिली, त्यांनी व्याधी मान्य केली, लपविली नाही. दुसरी, नियम पाळला. तो एखाद्या दिवसाचा नव्हे, वर्षानुवर्षांचा. तिसरी आणि महत्त्वाची, त्यांना सोय मिळाली. मायनॉटना जॉस्लिनसारखा वैद्य होता. हॉजकिनना दांडा बसवून देणारे हात आणि आदराने वागणारे सहकारी होते. धैर्य माणसाच्या अंगी असते हे खरे. पण ते टिकते भोवतालच्या माणसांच्या आधारावर.

हा आधार आपला समाज देतो काय? मधुमेह अद्याप कित्येक घरांत लपविला जातो. मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यात तर विशेषच. पंगतीत मणगणे नको म्हणणाऱ्याला 'देवाच्या प्रसादाला नाही म्हणू नये' असा आग्रह होतो, आणि तो मनुष्य चारचौघांत संकोचून पान पुढे करतो. उत्सवात महापूजा लांबते, आरत्या होतात, महाप्रसादाला तिसरा प्रहर उलटतो. ज्याने सकाळी इन्सुलिन टोचून घेतले आहे, त्याला उशिराचे जेवण केवळ गैरसोयीचे नसते. रक्तातील साखर उतरून तो घामाघूम होतो, भ्रमिष्टासारखा बोलतो, प्रसंगी मूर्च्छित पडतो. चौकातील तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालताना मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला चटका जाणवत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि त्याची जखम कधीकधी पाय गमावण्यापर्यंत जाते.

या गोष्टींवर उपाय अवघड नाहीत, आणि त्यांनी कोणत्याही रूढीला बाध येत नाही. प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्णच असतो, हे वाढप्यांना समजावून सांगता येईल. उत्सवाच्या दिवशी अग्रशाळेत एका कोपऱ्यात रुग्णांसाठी वेळेवर साधे जेवण ठेवता येईल. साखर उतरली तर चटकन तोंडात घालावयास गूळ वा साखरेचे पाणी तेथेच असावे. प्रदक्षिणेच्या वाटेवर चैत्र-वैशाखात काथ्याची चटई अंथरता येईल. गुडघे धरलेल्या वृद्धांसाठी पंगतीलगत चार बाके मांडता येतील. महाजनांच्या वार्षिक सभेच्या दिवशी रक्तातील साखर तपासण्याची व्यवस्था केली, तर ज्यांना आपली व्याधी अद्याप ठाऊकच नाही, त्यांना ती वेळीच कळेल. आणखी एक सूचना. शुद्ध शाकाहार करणाऱ्यांना ब-१२ ची उणीव भासण्याचा संभव असतो, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटू शकते. पायांना मुंग्या येत असतील, तर सगळे मधुमेहाच्या माथी न मारता वैद्याकडून तेही तपासून घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी देवालयासमोर दीपस्तंभ उभारले, तळ्यांना पायऱ्या बांधल्या, यात्रेकरूंसाठी अग्रशाळा उघडल्या. थकलेल्या भक्ताला देवापर्यंत पोहोचता यावे, हाच त्यामागचा हेतू होता. आजचा भक्त वेगळ्या रीतीने थकला आहे. त्याच्या यंत्राच्या कळीला एक लांब दांडा बसवून देणे, एवढेच कार्य काळाने महाजनांपुढे ठेविले आहे. ते पार पाडण्याची बुद्धी आणि सामर्थ्य सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.